4800 चा सेल आणि सोनाराचा काटा

आधीच सांगते, रिचार्जेबल सेलशी माझं काही वैर नाही, आज घरात तेच वापरतोय. पण ते येण्याआधी 999 रुपयांचा जो चुना लागला तो सांगायचाय, कारण दिवाळी आली की मंगल कार्यालयांत परत ती गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शनं लागतील आणि तो छोटा पंखा परत कुठल्यातरी टेबलावर गरगरत असेल. पंख्याचं पुढं येतंयच.

आमच्या घरात पेन्सिल सेल किती लागतात हे मी कधी मोजलंच नव्हतं. आबांचं बीपीचं मशीन चार सेलचं, धाकट्याची गाडी चार सेलची वर तिच्या रिमोटला दोन, देव्हाऱ्यातली माळ, दोन टॉर्च, भिंतीवरची घड्याळं. मे महिन्याच्या सुट्टीत गाडीचे सेल तीन-चार दिवसांत बसायचे आणि हा रोज सकाळी माझ्या पर्सपाशी उभा, आई सेल. साधा सेल 15-20 रुपयांना एक, अल्कलाइन घेतला तर दुप्पट-तिप्पट. त्यात एका टॉर्चमधले सेल विसरून पाझरले, स्प्रिंगला पांढरं-हिरवं साचलं, टॉर्चच गेली. तेव्हा ठरवलं की आता चार्जिंगवालेच घ्यायचे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात इथं कोल्हापुरात घराजवळच्या कार्यालयात प्रदर्शन लागलं. एका बाजूला पापडाचं मशीन, दुसऱ्या बाजूला गुडघ्याचं तेल, मध्ये हा सेलवाला. माणूस गोड बोलणारा. टेबलावर खेळण्यातला पंखा, त्यात आधी त्यानं साधा सेल घातला, पंखा आपला रडतखडत फिरला. मग स्वतःचा घातला, असा गरगर फिरला की शेजारच्या स्टॉलवरची पत्रकं उडाली. मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, काढून सेलला लावला, 1.38 असा आकडा आला, म्हणाला बघा ताई फुल पॉवर. सेलवर मोठ्या अक्षरात 4800 एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा. "बाजारात 2000 वाले मिळतात ताई, हा अडीचपट चालतो, हजार वेळा चार्ज करा." बारा सेल आणि चार्जर, छापील किंमत 2400, आज फक्त 999. आकडे दाखवले की मी गप्प बसते, शाळेपासूनची सवय आहे. पैसे रोख दिले, बिल मागितलं तर पिवळ्या चिठ्ठीवर "सेल सेट 1 – 999" आणि एक मोबाईल नंबर.

त्याचा साधा सेल बहुतेक आधीच वापरून मेलेला असणार हे मला घरी जिना चढताना सुचलं, पण म्हटलं जाऊ दे, संशय तरी किती घ्यायचा.

रात्रभर चार्जिंगला लावले. सकाळी हात लावला तर भजी तळलेल्या झाऱ्यासारखे गरम, चार्जरचा लाल दिवा तसाच चालू. गाडी चालली वीस-पंचवीस मिनिटं. बीपीच्या मशीनला तिसऱ्या दिवशी बॅटरीची खूण यायला लागली, आबा म्हणाले, "सूनबाई, हे मशीन माझ्याआधीच दमलं." चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला, एकदाच उचलला त्यानं, म्हणे ताई पहिल्या पाच-सहा चार्जिंगनंतर सेल खुलतो, घाई करू नका. आता गंमत अशी की यात थोडं खरं आहे, नवीन सेल पहिल्या दोन-चार चार्जिंगमध्ये थोडे सुधारतात, पण थोडे, वीस मिनिटांचे चार तास होत नाहीत. मी मात्र दोन आठवडे इमानदारीत चार्जिंग करत बसले, तेवढ्यात प्रदर्शन उठलं आणि फोन स्विच ऑफ. त्याला तेवढेच दिवस हवे होते.

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. तो रविवारी जेवायला आला, त्यानं सेलकडं बघितलंच नाही, चार्जर उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि हसायला लागला. तिथं लिहिलेलं, 150 एमए, म्हणजे चार्जर किती करंट देतो ते. खोक्यावर लिहिलेलं, 8 तासांत फुल. तो म्हणाला, मामी, हा नळ तासाला 150 पाणी देतो, आठ तासांत झालं 1200, मग तुझी 4800 ची बादली भरली कशी? खरा 4800 चा सेल असता तर याच चार्जरवर 32 तासांच्या वर लागले असते, कारण थोडी चार्जिंग गरम होण्यातच वाया जाते. म्हणजे खोकं स्वतःच सांगत होतं की मी खोटं बोलतोय, वाचायला कुणाला वेळ होता.

मग म्हणाला याचं वजन करायला पाहिजे. आमच्या किचनमध्ये काटा नाही, पण गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, आमचे नेहमीचे सराफ आहेत, माझं मंगळसूत्र दोनदा वाढवून घेतलं त्यांच्याकडं, त्यामुळं हक्कानं गेले. भाच्यानं त्याच्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला एक चांगल्या कंपनीचा 2000 चा सेल बरोबर दिलेला. सराफांनी आधी मला मग सेलला बघितलं, म्हणाले वहिनी, मोडीत घालायचाय का? काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला. भाच्याचा सेल साडेसव्वीस ग्रॅमच्या आसपास. माझा 4800 वाला, 14.6. परत ठेवला, 14.6. दुकानातल्या पोऱ्यासकट सगळे वाकून बघायला लागले. सराफ म्हणाले, "अहो, निम्मा माल आणि अडीचपट कस, असं सोनं आमच्याकडं कुणी आणलं तर आम्ही आधी दार लावतो." सोनारानंच कान टोचावे म्हणतात, माझे असे टोचले गेले.

घरी येऊन भाच्यानं सेलवरचं चकचकीत कव्हर नखानं सोललं. खाली दुसरं, फिकट हिरवं कव्हर, आणि त्यावर 600. आत कायतरी पोकळी ठेवून बाहेरून साइज तेवढी बरोबर केलेली. पुढं उघडू नको म्हणाला, आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, हात भाजतील. तुम्हीपण घरी कुणी कापत बसू नका.

तो मल्टिमीटरचा आकडासुद्धा खोटा नव्हता बरं का, तिथंच तर मी फसले. ताजा चार्ज केलेला कुठलाही असला सेल 1.3-1.4 दाखवतोच, मग तो 600 चा असो नाहीतर 2000 चा. टाकीतलं पाणी नळाला जोरात येतंय म्हणजे टाकी मोठी आहे असं थोडंच. आणि उलटं पण लक्षात ठेवा, चांगला रिचार्जेबल सेल वापरताना 1.2 व्होल्टच्या आसपास असतो, साधा नवीन सेल 1.5 चा, म्हणून काही मशीन थोडं लवकर बॅटरीची खूण दाखवतात, तेवढ्यावरून सेल नकली ठरवू नका.

तक्रार केली का, केली. 1915 ला, ती ग्राहक हेल्पलाइन. त्यांनी विचारलं दुकानाचं नाव, पत्ता, बिल. माझ्याकडं पिवळी चिठ्ठी. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, नुसतं 100% ओरिजिनल आणि एक वाघ. कार्यालयवाले म्हणाले आम्ही हॉल दिला, टेबलं कुणी घेतली ते आयोजकांना माहीत, आयोजक म्हणे तो एका दिवसाचं भाडं देऊन बसलेला. आमचे हे म्हणाले सोड आता, 999 मध्ये अक्कल आली, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आता घेतले ते पेन्सिल साइजचे 2000 एमएएचचे, दुकानातून, पक्क्या बिलावर, चार सेल नऊशेच्या आत. त्या दिवशी अख्खा बारा सेलचा सेट जेवढ्याला आला तेवढ्यात आता चार आले. पण चालतात. या साइजला 1900 ते 2700-2800 इथंच आकडे थांबतात, त्याच्या वर 3000, 4000, 4800 दिसलं की खोकं खाली ठेवायचं आणि पुढच्या स्टॉलवर पापड बघायचे. बारीक साइजला, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलला, 750-800 नेहमीचं, 1100 च्या वर सांगत असेल तर तीच कथा. हल्ली टाइप-सी वायरनं थेट चार्ज होणारे लिथियमचे पण आलेत, ते खरंच 1.5 व्होल्ट देतात आणि वाईट नाहीत, पण त्यावर 3400 वगैरे दिसेल, शेजारची अक्षरं वाचा, तिथं एमएएच नसून एमडब्ल्यूएच असतं, म्हणजे एमएएच गुणिले व्होल्ट, म्हणून 1.5 नं भागलं की 2266 एमएएच उरतात. यात खोटं काही नाही, पण आपली नजर आकड्यावर जाते हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. चार्जर पण असा घ्या जो प्रत्येक सेलला वेगळा बघतो आणि भरला की आपोआप बंद होतो, नाहीतर चांगला सेलही रात्रभर शिजत राहतो.

भिंतीवरच्या घड्याळांना मात्र मी साधेच 15 रुपयांचे सेल ठेवलेत, वर्षभर आरामात जातात, तिथं चार्जिंगवाला घालून काय वाचणार. टीव्हीच्या रिमोटचंही तेच.

ते बारा सेल अजून पिशवीत आहेत. असले सेल कचऱ्यात टाकायचे नाहीत, 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्यानं ते परत घ्यायचे असतात, पण बनवणारा कोण, तर वाघ. ई-कचरा घेणारी गाडी आमच्या भागात आली की देईन. आणि आबा, ते तर आता किराणा दुकानातून साधा सेल आणला तरी आधी तळहातावर ठेवून दोनदा वर-खाली करतात, मग चष्मा वर करून मला विचारतात, "सूनबाई, हा किती ग्रॅमचा?"