‘खास तुमच्या गाडीच्या मापाने’ बनवलेलं इलेक्ट्रिकल किट

छोट्या मोटरहोमचं (आत राहायची सोय केलेल्या गाडीचं) आतलं काम स्वतः करणाऱ्यांना हल्ली एक सोय विकली जाते. बॅटरी, इन्व्हर्टर, फ्यूज, वायरी, सगळं एकाच खोक्यात. वायरीसुद्धा तुमच्या गाडीच्या मापाने कापून, टोकांना लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी, दाबून तयार. घरी फक्त जोडायचं. ही सोय मी घेतली आणि तिच्यात पद्धतशीर गंडवली गेले. विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. त्याने ते आता बदललं आहे. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी, कारण ती फार विचारपूर्वक बेतलेली आहे.

फोनवर बोलताना पहिला प्रश्न त्यानेच विचारला. “मॅडम, आतल्या मांडणीचं स्केच पाठवा. बॅटरी पलंगाखालच्या खोक्यात की सीटखाली? इन्व्हर्टर किती लांब? पाण्याची टाकी कुठल्या बाजूला?” हे प्रश्न अगदी बरोबर होते. टाकीजवळ बॅटरी नको, इन्व्हर्टर बॅटरीपासून जितका जवळ तितका चांगला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे माणूस अडाणी नव्हता. धंदा मुळापासून माहीत असलेला होता, आणि त्यामुळेच माल कुठे मारला तर गिऱ्हाइकाला लवकर कळणार नाही हेही त्याला माहीत होतं.

स्केच मागण्यात काळजी दिसत होती. खरा हेतू मागाहून कळला. वायरी माझ्या मापाने कापल्या गेल्या त्या क्षणी तो माल ‘ऑर्डरप्रमाणे बनवलेला’ ठरला, आणि असा माल परत घेतला जात नाही, अशी ओळ त्याच्या अटींमध्ये होती. तयार मापाची वायर घेतली असती तर परत करता आली असती. सेवा म्हणून जे दिलं जात होतं, तेच परतीचं दार बंद करत होतं.

दुसरा सल्लाही असाच गोड. “आधी सुतारकाम उरकून घ्या मॅडम, बॅटरी सगळ्यात शेवटी लावा. भुसा, स्क्रू, धातूचा कीस टर्मिनलवर पडायला नको.” ऐकायला शंभर टक्के पटणारं. आता मोटरहोममध्ये कामाचा क्रम कसा असतो ते बघा. आधी वायरी ओढायच्या, त्यावर इन्सुलेशन, त्यावर पातळ प्लायचं पॅनेलिंग, मग पलंगाचं खोकं, कपाटं, ओटा. हे काम फावल्या वेळात चालतं, त्यामुळे लांबतं. परतीची मुदत मात्र खोकं हातात पडलं त्या दिवसापासून मोजली जाते. बॅटरीला पहिल्यांदा लोड लागतो तेव्हा मुदत संपलेली असते, आणि खोटा माल तुम्ही स्वतःच्या हाताने, स्क्रू पिळून, लॅमिनेट चिकटवून भिंतीआड नीट लपवलेला असतो.

घोळ उघड झाला तो हजार वॅटची शेगडी लावल्यावर. एलईडी दिवे, पंखा, पाण्याचा पंप यांनी काहीच दाखवलं नव्हतं, कारण ही सगळी दोन-चार अँपिअरची गिऱ्हाइकं. हजार वॅट म्हणजे बारा व्होल्टच्या बाजूला, इन्व्हर्टरची स्वतःची गळती धरून, ९० अँपिअरच्या आसपास. शेगडी सुरू केली आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टरने व्होल्टेज कमी असल्याची शिट्टी दिली. मल्टिमीटर लावला तर बॅटरीच्या टर्मिनलवर एक आकडा आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर त्यापेक्षा जवळपास एक व्होल्टने कमी. तेवढ्यात पलंगाच्या खोक्यातून गरम प्लास्टिकचा वास यायला लागला. मेन स्विच पाडला, आणि मग नुकतंच बसवलेलं पॅनेल उचकटलं.

वायरीवर छापलं होतं तांबं, १६ चौरस मिमी. टोक ब्लेडने खरवडलं तर वरची लालसर कांती गेली आणि आतून पांढरा धातू निघाला. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. अशी वायर बनवणं गुन्हा नाही, काही कामांसाठी ती उघडपणे विकली जाते. फसवणूक आहे ती तिच्यावर ‘तांबं’ छापण्यात. दुसरी लबाडी जाडीत होती. बाहेरून वायर १६ची दिसावी म्हणून इन्सुलेशन जाड ठेवलं होतं, आतला धातू जेमतेम १०चा.

याचा हिशोब कागदावर मांडला की वासाचं कारण कळतं. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत जायची दोन मीटर आणि यायची दोन मीटर, अशी चार मीटर वायर. खऱ्या १६च्या तांब्यात ९० अँपिअरला साधारण ०.४ व्होल्ट वाटेतच वाया जातात. माझ्या वायरीत जवळपास एक व्होल्ट. म्हणजे ऐंशी-नव्वद वॅटची उष्णता, सतत, लाकडी खोक्यात, फोमच्या आड. आणि फ्यूज? तो शंभर अँपिअरचा होता, आपल्या जागी शांत बसला होता. फ्यूज वाचवतो ती वायर, उपकरण नव्हे, आणि तो निवडायचा असतो वायर किती प्रवाह सोसते त्यावरून. वायरच खोटी निघाली की फ्यूजचा आकडाही आपोआप खोटा ठरतो. वायर भाजत राहते आणि फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. पैशांची फसवणूक मी एक वेळ गिळली असती, पण त्या पलंगावर माणसं झोपणार होती.

लगचीही गोष्ट तशीच. अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि चालत्या गाडीच्या हादऱ्यांनी दाबलेली जोडणी सैल पडत जाते. सैल जोडणी तापते, तापली की आणखी सैल होते.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वायर हातात पडल्यावर, पॅनेलच्या आड जायच्या आधी, थोडा तुकडा सोला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. १६ चौरस मिमी तांबं, इन्सुलेशन काढून, मीटरला १४० ग्रॅमच्या थोडं वर भरतं, म्हणजे दहा सेंटिमीटरला चौदा ग्रॅम. तांब्याची घनता ८.९६, अॅल्युमिनियमची २.७, हा फरक कोणालाही लपवता येत नाही. एक बारीक तार लायटरवर धरून बघता येते (उघड्यावर, चिमट्याने). अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात, त्यामुळे खोटी तार लवकर मऊ पडून लोंबते. तयार लग दाबलेल्या वायरी मिळाल्या तर आतला धातू दिसतच नाही, हे वेगळं सांगायला नको. म्हणून विकणाऱ्याकडे त्याच रिळातला वितभर उघडा तुकडा सोबत मागा. त्यावर तो काय म्हणतो, त्यातच पुष्कळ कळतं.

आता बॅटरी. छापलेलं होतं १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर (म्हणजे २० अँपिअर दहा तास पुरवण्याची क्षमता), लिथियम आयर्न फॉस्फेट. पाठवण्याआधी त्याने मला व्हिडिओ पाठवला होता. मीटर लावलेला, आकडा १३.३, मागून आवाज, “बघा मॅडम, एकदम फ्रेश.” लेड-अॅसिड बॅटरीची सवय असलेल्याला हा पुरावा वाटतो. पण या रसायनाचं व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतं. नवी बॅटरीही १३.३ दाखवेल आणि थकलेली, अर्धी क्षमता गमावलेलीही चार्ज केल्यावर १३.३च दाखवेल. नुसतं व्होल्टेज म्हणजे पातेल्याची खोली न बघता वरची साय बघून दूध मोजण्यासारखं.

इथेही खरं बोलला तो वजनकाटा. २०० अँपिअर-अवर गुणिले १२.८ म्हणजे २५६० वॅट-अवर. एवढी ऊर्जा धरायला या जातीच्या नुसत्या सेलचंच वजन पंधरा किलोच्या आसपास जातं, डबा आणि जोडण्या वेगळ्या. एकूण वीसच्या घरात यायला हवं. माझी बॅटरी भरली अकरा किलो. फोनवर त्याचं उत्तर तयार होतं. “नवीन टेक्नॉलॉजी आहे मॅडम, म्हणून हलकी. मोटरहोमला वजन कमीच हवं ना?” हवंच असतं, आणि तिथेच तो हात घालतो. छोट्या गाडीत काम करणारा माणूस प्रत्येक किलोचा विचार करत असतो, त्यामुळे हलकी वस्तू त्याला गुण वाटते.

मग रीतसर चाचणी केली. बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत पूर्ण चार्ज, थोडा आराम, मग बारा व्होल्टचे जुने दिवे जोडून २० अँपिअरचा स्थिर लोड, मध्ये शंट, म्हणजे प्रवाह मोजायची पट्टी, लावलेला मीटर. खरी २०० असती तर दहा तास चालायला हवी. चार तासांच्या आत बीएमएसने, म्हणजे सेल सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटने, पुरवठा तोडला. मीटरवर पंचाहत्तरच्या आसपास अँपिअर-अवर. शेवटी डबा उघडला. आत चार वापरलेले सेल, टर्मिनलवर जुन्या वेल्डिंगच्या खुणा, क्यूआर कोड घासून काढलेले, आणि उरलेल्या जागेत फोमचे ठोकळे. बीएमएसही लेबलवर लिहिलेल्यापेक्षा लहान.

उघडण्याचा फायदा त्याने लगेच घेतला. “सील तोडलंत, वॉरंटी गेली.” तेव्हा ज्यांना असा संशय असेल त्यांनी डबा मुळीच उघडू नये. वजन आणि लोड टेस्ट पुरेशी आहे. दोन्हींचा व्हिडिओ काढा, बॅटरीचा सीरिअल नंबर आणि मीटर एकाच चौकटीत दिसू द्या, मध्ये कुठेही कट नको. माझ्या नशिबाने लोड टेस्टचे फोटो उघडण्याआधीचे होते.

किटमध्ये ‘आग न धरणारं’ म्हणून इन्सुलेशनचं रीळही होतं. त्याचा तुकडा अंगणात पेटवून बघितला. पेटला, आणि जळते थेंब गाळत राहिला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ते सगळं उपटून टाकलं.

त्याच्याशी झालेलं भांडण ठरावीक वळणांनी गेलं. आधी म्हणे लग नीट बसवले नसतील. लग त्यानेच दाबले होते, हे सांगितल्यावर म्हणे इन्व्हर्टरचा दोष. इन्व्हर्टरही त्याचाच, हे सांगितल्यावर आवाजातला ‘मॅडम’ गेला आणि ‘ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल’ आला. नंतर फोन उचलणं बंद.

पैशांचं असं झालं. निम्मी रक्कम कार्डाने दिली होती. उरलेली त्याने सवलतीचं आमिष दाखवून थेट खात्यात मागितली होती. कार्डाच्या रकमेसाठी बँकेकडे तक्रार केली. सोबत जाहिरातीचा फोटो, वायरीवरची छपाई, खरवडलेलं टोक, काट्यावरचं वजन आणि लोड टेस्टचा आकडा. ‘वस्तू खराब निघाली’ असं न लिहिता ‘वर्णनाप्रमाणे वस्तू दिलीच नाही’ असं लिहिलं. परतीच्या अटी त्याच्या बाजूने होत्या, पण तांबं सांगून अॅल्युमिनियम देण्याला मापाने कापल्याची सबब लागू होत नाही. ती रक्कम परत आली. थेट खात्यात गेलेली गेली. सवलत नेमकी त्या वाटेवरच का होती, ते आता सांगायला नको.

नव्या वायरी मी लग न दाबलेल्या विकत घेतल्या, तोलल्या, स्वतः कापल्या आणि हायड्रॉलिक क्रिम्परने लग दाबले. पलंगाखालचं पॅनेल आता चिकटवलेलं नाही, चार स्क्रूंवर आहे. पहिल्यांदा तासभर पूर्ण लोड चालवून प्रत्येक जोडणीला हात लावून बघितला, मगच ते बंद केलं. त्या जुन्या डब्यातले सेल गाडीत परत घातलेले नाहीत.

अलीकडे एका नव्या दुकानाच्या नावाने तसल्याच किटची जाहिरात दिसली. ‘समाधानी ग्राहकांची कामं’ या शीर्षकाखाली जो फोटो आहे, ते माझं पलंगाचं खोकं आहे. घोळ कळायच्या आधी, बसवलेलं कसं दिसतंय म्हणून त्याने कौतुकाने मागवून घेतलेला फोटो. बॅटरीची क्षमता ठळक अक्षरात आहे, वजनाची ओळच नाही. कोणाला ते किट घ्यायचं मनात असेल तर पैसे देण्याआधी त्याला दोनच गोष्टी लेखी विचारा: बॅटरीचं वजन किती, आणि वायरीतला धातू मीटरला किती ग्रॅम.