मैवंदची म्हणून घेतलेली रायफल

पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यापासून जुन्या हत्यारांची विक्री कुठे भरली की मी सहसा चुकवत नाही. गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी मी 900 डॉलर मोजून मार्टिनी-हेन्री रायफल घेतली आणि पुरता फसलो. ब्रिटिश लष्कराने 1871 मध्ये स्वीकारलेली ही एकबारी रायफल. खालचा लिव्हर ओढला की नळीचे मागचे तोंड बंद करणारा ठोकळा, म्हणजे ब्रीच ब्लॉक, खाली झुकतो आणि एक काडतूस आत सरकवता येते. काडतुसात 85 ग्रेन काळी दारू आणि पुढे 480 ग्रेनची शिशाची गोळी.

विक्रेता मोठा गोडबोल्या होता. मी महाराष्ट्रातला आहे हे बोलण्यात कळताच त्याने सांगितले की ही रायफल 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत मुंबई ग्रेनेडियर्सच्या एका शिपायाच्या हातात होती. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले आणि तिथून पुढे मी रायफल पाहिलीच नाही. वास्तविक 1857 नंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना मुद्दाम एक पिढी जुनी हत्यारे दिली, त्यामुळे मैवंदला मार्टिनी-हेन्री होती ती गोऱ्यांच्या 66व्या रेजिमेंटकडे आणि ग्रेनेडियर्सकडे तिच्या आधीची स्नायडर रायफल, हे मी पूर्वी वाचलेले होते. पण नेमक्या वेळी आठवले नाही. शिवाय 1898 पर्यंत बनलेली बंदूक अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘अँटिक’ मानली जात असल्याने नेहमीची पार्श्वभूमी-तपासणी झाली नाही आणि व्यवहार दहा मिनिटांत उरकला.

घरी भिंगाखाली धरली तेव्हा पोटात गोळा आला. रिसीव्हरच्या, म्हणजे ब्लॉक ज्यात बसतो त्या धातूच्या पेटीच्या, उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे, मग एनफील्ड या कारखान्याचे नाव, 1873 हे साल आणि शेवटी मार्क तीनचा रोमन आकडा असे सगळे रीतसर कोरलेले होते. मात्र मार्क तीन, म्हणजे या रायफलची तिसरी आवृत्ती, 1879 मध्ये आली, मग तिच्यावर सहा वर्षे आधीचे साल कसे? एनफील्डमधले ‘एन’ हे रोमन अक्षर तर आरशात पाहिल्यासारखे उलटे होते. खैबर खिंडीच्या भागात, विशेषतः पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलमध्ये, कारागीर अशा नकला पिढ्यान्‌पिढ्या हाताने घडवत आले आहेत. रोमन लिपी येत नसल्याने पुष्कळदा शिक्का चित्रासारखा उतरवला जातो आणि चुका तिथेच होतात. 2001 नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या सैनिकांनी अशा कितीतरी नकला आठवण म्हणून घरी आणल्या. नक्कल नक्कल म्हणून विकली तर त्यात गैर काहीच नाही, आणि खरे सांगायचे तर ते हातकाम पाहून मला कौतुकच वाटले.

खात्रीसाठी ती एका वयस्क बंदूक-कारागिराकडे नेली. त्याने आधी नळीत दिवा सोडून मला गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा मोजायला लावल्या. हेन्रीच्या पद्धतीत सात असतात; मी दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा पाचच भरल्या. मग त्याने सळईला घट्ट चिंधी गुंडाळून ती नळीतून हळूहळू ढकलली. अस्सल नळीत 22 इंचांत एक पूर्ण वेढा बसतो, म्हणजे सुमारे 33 इंचांच्या नळीत सळईने दीड फेरा घ्यायला हवा. माझ्या नळीत ती जेमतेम एक फेरा फिरून बाहेर आली. कॅलिपर लावल्यावर रिसीव्हरच्या दोन भिंतींची जाडीही सारखी निघाली नाही. ब्लॉक बंद करून त्याने तो अंगठ्याने दाबला तर तो डोळ्यांना दिसेल इतका हलला. काडतुसाचा मागचा धक्का याच ब्लॉकने सोसायचा असतो, तेव्हा धूरविरहित दारूचे नावही काढू नका आणि काळ्या दारूचे हलके काडतूसदेखील यात घालू नका, असे त्याने बजावले. ही सगळी तपासणी पाऊण तासाची होती आणि विक्रीच्या टेबलाशी भिंग, टॉर्च व सळई एवढ्यावर तिच्यातली निम्मी तरी मला करता आली असती. नक्कल नेमकी कधीची हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे कायद्याने ती अँटिक ठरते का, ही चिंता वेगळीच मागे लागली.

विक्रेत्याला फोन केला. आपण सैन्याचे किंवा लढाईचे नावच घेतले नव्हते, असे तो शांतपणे म्हणाला. मी पावती काढून पाहिली. तिच्यावर ‘जुनी रायफल, आहे त्या स्थितीत’ एवढेच लिहिले होते आणि खाली माझी सही होती.