गिअरबॉक्स बदलायला दिला, आणि माझाच सेल्फ मला नवा म्हणून विकला

ट्रकचा गिअरबॉक्स बदलून घेताना गॅरेजवाल्याने माझाच जुना स्टार्टर (म्हणजेच सेल्फ, इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) रंगवून मला नवा म्हणून विकला. वर चांगल्या बॅटऱ्या बदलायला लावल्या, न बसवलेल्या क्लच स्विचचे पैसे घेतले, आणि त्यांच्याच हातून राहिलेला खरा बिघाड तसाच ठेवला. गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवला की सेल्फ न लागणं हे इतकं सर्रास घडतं, की त्याच्या आडून गाडीमालकाच्या गळ्यात काहीही मारता येतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी 24 व्होल्टची, डिझेल. मूळचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून संपला होता. त्या जागी त्याच इंजिनला बसणारा मॅन्युअल टाकायचं ठरलं. स्टार्टर बेल हाऊसिंगलाच, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचालाच, बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे गिअरबॉक्स काढायचा म्हटलं की आधी तो खाली येतो. त्याच्याबरोबर जाड स्टडवरची बॅटरी केबल सुटते, सोलेनॉइडची (सेल्फवरच्या, विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचची) बारीक वायर सुटते. बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि चेसिस जोडणारा अर्थचा पट्टाही बेल हाऊसिंगच्याच एखाद्या बोल्टखाली असतो, माझ्या गाडीतही तसाच होता. सगळं जोडून झाल्यावर चावी फिरवली तर नुसतं टक्क. इंजिन हललंसुद्धा नाही.

फोरमन खाली वाकलाही नाही. "शेठ, सेल्फ गेला तुमचा. आर्मेचर जळलंय. काढला तेव्हाच वास येत होता." आर्मेचर म्हणजे सेल्फच्या आतली फिरणारी तारांची गुंडाळी. मी म्हटलं, गाडी गॅरेजमध्ये आणली ती याच सेल्फवर सुरू करून. तर म्हणे, "शेवटच्या घटका मोजत होता. आता आम्ही गिअरबॉक्स नवा टाकायचा आणि जुना सेल्फ ठेवायचा, उद्या गाडी रस्त्यात उभी राहिली तर नाव आमचं खराब." हे बोलणं कुणालाही पटेल असंच होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करून दाखवली. चकाचक काळा रंग असलेला स्टार्टर खाली दिसत होता. मात्र दाखवताना त्यांनी बाहेरच्या बॅटऱ्यांवरून जम्पर केबल लावली होती. "तुमच्या बॅटऱ्या बसल्यात, त्याही बदलाव्या लागतील," असं सांगितलं. प्लसचा चिमटा बॅटरीवर होता आणि मायनसचा थेट इंजिन ब्लॉकवर. सगळी फसवणूक या एका चिमट्याखाली झाकलेली होती, त्यामुळे तो का महत्त्वाचा ते आधी सांगतो.

सेल्फला करंट प्लसच्या केबलने जातो आणि स्टार्टरच्या अंगातून, इंजिनच्या लोखंडातून, अर्थच्या पट्ट्याने चेसिसवर आणि तिथून बॅटरीच्या मायनसला परत येतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसला त्याचा धड विजेचा संबंध फक्त त्या पट्ट्यातून. पट्टा राहिला, तर करंट जिथून धातूची वाट मिळेल तिथून जातो: ॲक्सिलरेटरची केबल, गिअरची केबल, प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट. या वाटा सेल्फसाठी फारच अरुंद. ट्रकचा सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर ओढतो. 400 अँपिअर धरा आणि वाटेत फक्त 0.01 ओहमचा अडथळा धरा. 4 व्होल्ट तिथेच गेले. अडथळा त्याच्या पाचपट झाला की मोटरला फिरण्याइतकं काही उरतच नाही, सोलेनॉइड तेवढा टक्क करतो. पण ब्लॉकवर बाहेरच्या बॅटरीचा मायनसचा चिमटा लावला, की परतीचा रस्ता पूर्ण होतो आणि कुठलाही धडका सेल्फ गरागरा फिरतो. जुना फिरला असता, रंगवलेलाही फिरला.

बॅटऱ्याही बदलून झाल्या. गाडी घेऊन निघालो. पहिले काही वेळा सेल्फ कण्हत कण्हत लागला, मग पुन्हा टक्क. फोन केला तर म्हणाले, आता हार्नेस बदलावा लागेल, ऑटोमॅटिकची वायरिंग मॅन्युअलला चालत नाही. तिथे मात्र मी गाडी दुसरीकडे न्यायचं ठरवलं.

ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो, त्यानेच मागे माझ्या जुन्या स्टार्टरचे बुश आणि कार्बन ब्रश बदलले होते. त्याने आधी स्टार्टरला हातच लावला नाही. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवला, एक टोक इंजिन ब्लॉकवर खरवडलेल्या जागी, दुसरं बॅटरीच्या मायनस पोस्टवर. क्लॅम्पवर नाही, पोस्टच्या शिशावर, म्हणजे क्लॅम्पचा सैलपणाही मोजला जातो. मला म्हणाला, मार सेल्फ. आकडा शून्याच्या आसपास राहायला हवा, तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थमध्ये खोट. आमचा आकडा सरळ दोन अंकी झाला. सेल्फ मारत असतानाच त्याने गिअरच्या केबलला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. वरचं प्लास्टिकचं आवरण ब्रॅकेटपाशी वितळून चिकटलं होतं. करंट तिथून परत येत होता.

खाली गेल्यावर उलगडा झाला. अर्थचा पट्टा चेसिसच्या बाजूला जोडलेला, आणि इंजिनकडचं टोक क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) मागे नुसतं लोंबत होतं. नव्या बेल हाऊसिंगवर त्या जागी भोक नव्हतं, म्हणून कुणी तो लावलाच नाही. अर्धा इंच भोक शोधण्याचे कष्ट वाचवले आणि पूर्ण सेल्फचे पैसे घेतले.

त्याने पट्टा ब्लॉकवर दुसऱ्या बोल्टखाली, जागा चकचकीत घासून, खाली-वर वॉशर टाकून आवळला. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. म्हणून आता स्टार्टर उतरवला, आणि तिथे मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. बेल हाऊसिंगवर टेकणाऱ्या फ्लँजच्या तोंडावरसुद्धा काळा रंग मारलेला होता. स्टार्टरची अर्थ याच तोंडातून जाते, तिथे उघडं लोखंडच हवं. रंगाचा थर बोल्टच्या भोकात, सोलेनॉइडच्या स्टडच्या आट्यांमध्ये, कंपनीच्या नाव-नंबरच्या पत्र्याच्या रिव्हेटच्या खुणांवर. पत्राच नव्हता, दोन रिव्हेटची भोकं तेवढी होती. कारखान्यातून आलेल्या स्टार्टरला असा रंग नसतो. इलेक्ट्रिशियनने थिनरचा बोळा घेतला आणि मागच्या कव्हरच्या कडेला पुसायला लागला. रंगाखालून पंचाने ठोकलेली तीन टिंबं वर आली, दोन कव्हरवर, एक बॉडीवर. ही त्याचीच खूण. स्टार्टर खोलताना कव्हर परत त्याच जागी बसावं म्हणून तो अशी टिंबं मारतो. उघडून पाहिलं तर ब्रशही त्यानेच घातलेले, अर्धे झिजलेले. आर्मेचर स्वच्छ, कम्युटेटर (ब्रश ज्याच्यावर घासतात तो तांब्याचा भाग) तांबूस, जळाल्याची खूण कुठे नाही. फ्लँज घासून परत चढवला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. सेल्फ कधी बिघडलेलाच नव्हता.

वायरिंगचं पाहिलं ते तर याहून वाईट, कारण तिथे पैशापुरता प्रश्न नव्हता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर एक न्यूट्रल स्विच असतो. लिव्हर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय तो सोलेनॉइडच्या बारीक वायरचं सर्किट जुळू देत नाही. गिअरबॉक्स गेला की तो स्विचही जातो आणि सर्किट उघडं राहतं, त्यामुळे चावी फिरवून काहीच होत नाही, टक्कसुद्धा नाही. बरोबर काम म्हणजे क्लच पेडलवर स्विच बसवायचा आणि त्याच दोन वायरी त्याच्यातून न्यायच्या, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागणार नाही. माझ्या बिलात 'क्लच स्विच व वायरिंग' अशी वेगळी ओळ होती. पेडलवर स्विच नव्हता. जुन्या प्लगमधल्या दोन वायरी पिळून टेप गुंडाळली होती. म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली असती, तर काही टनांची गाडी सेल्फवरच पुढे उडाली असती. रेडिएटरपुढे कुणी उभं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून अजून अंगावर काटा येतो. रिव्हर्स लाइटच्या वायरी त्याच प्लगमध्ये होत्या, त्या तशाच उघड्या सोडलेल्या. त्यामुळे मागचा दिवाही बंद.

रिलेही (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) काढून टाकला होता. सोलेनॉइड आत ओढला जाताना बरेच अँपिअर घेतो, म्हणून चावीने फक्त रिलेची कॉइल चालवायची आणि जड करंट रिलेच्या पॉइंटवरून द्यायचा, ही पद्धत आहे. इथे चावीच्या स्विचवरून सरळ सोलेनॉइडला वायर ओढलेली. पुढे कधीतरी चावीचे पॉइंट चिकटले असते, आणि पॉइंट चिकटले की चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो.

हे सगळं फोटो आणि मीटरच्या व्हिडिओसह घेऊन मी त्या गॅरेजला गेलो. आधी "आम्ही नवाच टाकला" हेच चाललं. जुना स्टार्टर दाखवा म्हटलं, तर भंगारात गेला. नव्याचा खोका दाखवा म्हटलं, तर तोही गेला. बिलावर 'स्टार्टर असेंब्ली' एवढंच, ना कंपनी, ना नंबर. मग मी पंचाची टिंबं दाखवली आणि ती मारणारा माणूस बाहेर उभा आहे, बोलवू का विचारलं. त्यानंतर आवाज खाली आला. स्टार्टरचे आणि क्लच स्विचचे पैसे परत मिळाले. बॅटऱ्यांचे नाही, जुन्या बॅटऱ्या त्यांनी तोवर खरोखर विकल्या होत्या. त्या खराब होत्या याचा एकही पुरावा कुणी दाखवलेला नव्हता. बॅटरीचा आजार ओळखणं अवघड नाही: सेल्फ मारताना मीटर बॅटरीच्या दोन पोस्टवर धरायचा. 24 व्होल्टच्या गाडीत आकडा 19 च्या खाली कोसळला तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फ जास्त ओढतोय. सेल्फ नुसतं टक्क करतोय आणि आकडा 24 च्या आसपास स्थिर आहे, तर बॅटरीतून करंट निघतच नाहीये आणि दोष केबल, अर्थ किंवा सोलेनॉइडच्या पॉइंटमध्ये शोधायचा. 12 व्होल्टच्या गाडीत 19 च्या जागी साडेनऊ धरायचे. ओहमवर किंवा बीपवर केबल तपासून 'ठीक आहे' सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शंभर तारांतली एक तार शाबूत असली तरी मीटर बीप देतो. मोजायचं ते सेल्फ फिरत असतानाच.

गिअरबॉक्सचं काम द्यायच्या आधी स्टार्टरच्या पत्र्यावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा आणि बॉडीवर कुठेतरी नजरेआड पंचाची खूण मारून घ्या. काढलेला प्रत्येक भाग पैसे देण्याआधी हातात मागा. हे लेखी ठरवून घ्या, कारण नंतर सगळं भंगारातच गेलेलं असतं. आणि गाडी ताब्यात घेताना जम्पर काढायला लावा, चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा, पुढे-मागे कुणी नाही बघा आणि मग क्लच न दाबता न्यूट्रलमध्येच चावी फिरवून पाहा. क्लच स्विच खरोखर बसवला असेल तर सेल्फ हूं की चूं करणार नाही. फिरला, तर बिलावर सही करू नका आणि बोनेट पुन्हा उघडायला सांगा.