अर्धवट सावलीतील सौर पॅनेलांसाठी ऑप्टिमायझर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

छतावरील काही पॅनेलांवर सकाळी झाडाची आणि दुपार कलल्यावर जिन्याच्या खोलीची सावली येते. नेमक्या त्याच पॅनेलांच्या मागे ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलचे व्होल्टेज व प्रवाह स्वतंत्रपणे जुळवणारे आणि त्याची माहिती पाठवणारे छोटे उपकरण) बसवून आता काही महिने झाले आहेत.

एका स्ट्रिंगमधील, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या साखळीतील, सर्व पॅनेलांतून एकच प्रवाह वाहतो. त्यामुळे एखाद्या पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली, तरी तेथील बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून प्रवाहाला वाट देणारा घटक) सुरू होतो आणि साधारणपणे त्या पॅनेलचे एक-तृतीयांश व्होल्टेज नाहीसे होते. सावलीतील पॅनेल ३० व्होल्टला ४ अँपिअर देत असेल आणि उरलेल्या स्ट्रिंगमध्ये १० अँपिअर वाहत असतील, तर ऑप्टिमायझर तेच १२० वॉट सुमारे १२ व्होल्ट आणि १० अँपिअर या रूपात पुढे पाठवतो. रूपांतरातील थोडी घट सोडली, तर त्या पॅनेलची वीज वाया जात नाही आणि इतर पॅनेलांचीही अडवणूक होत नाही.

याचा परिणाम सकाळच्या आलेखात स्पष्ट दिसतो. पूर्वी सावली सरकेल तशी निर्मिती पायरीपायरीने वाढत असे. आता ती बरीच सलग चढते. सूर्य खालून जातो त्या हिवाळ्यात हा लाभ सर्वाधिक जाणवला. भर दुपारी मात्र काहीच फरक नाही आणि पूर्ण ढगाळ दिवशीही नाही, कारण तेव्हा सर्वच पॅनेलांना सारखाच मंद प्रकाश मिळतो. सावलीने अडवलेला प्रकाश कोणतेही उपकरण परत आणू शकत नाही, हे विक्रेत्यांनी अधिक स्पष्टपणे सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

खरेदीपूर्वी इन्व्हर्टरमधील (पॅनेलांची डीसी वीज घरगुती एसी विजेत बदलणाऱ्या यंत्रातील) सावलीसाठीचा स्कॅन सुरू आहे का, हे अवश्य तपासावे. डायोड सुरू झाले की वीज-व्होल्टेजच्या आलेखावर अनेक शिखरे तयार होतात. साधा एमपीपीटी (इन्व्हर्टरमधील, जास्तीत जास्त वीज मिळेल असे व्होल्टेज शोधणारी यंत्रणा) आपल्या आसपासच चाचपडत एखाद्या लहान शिखरावर अडकून राहतो, तर स्कॅन ठरावीक अंतराने संपूर्ण पट्टा तपासून सर्वांत मोठे शिखर शोधतो. सावली एखाददुसऱ्या पॅनेलपुरतीच असेल, तर अनेकदा एवढेही पुरते आणि त्यासाठी नवे उपकरण लागत नाही.

माझ्याकडील एका ऑप्टिमायझरची माहिती मध्यंतरी येणे थांबले आणि तो बदलण्यासाठी पॅनेल उचलावे लागले. तापलेल्या पॅनेलखाली आयुष्य काढणाऱ्या या उपकरणाची वॉरंटी पाहताना उतरवण्या-चढवण्याची मजुरी तीत धरली आहे का, हेही लेखी विचारून घ्यावे. स्ट्रिंग लहान असल्यास आणखी एक हिशेब आवश्यक आहे: ऑप्टिमायझरने व्होल्टेज कमी केल्यावरही ते इन्व्हर्टरच्या किमान मर्यादेच्या वर राहायला हवे.