ग्राफिक्स कार्डवाला आणि बिनकार्डाचा: दोन्ही लॅपटॉप वापरून झाल्यावर

लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "गेमिंग करायचंय का?" हो म्हटलं की कार्डवाला काढतो, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करायला वेगळी चिप असलेला; नाही म्हटलं की इनबिल्ट ग्राफिक्सचा, म्हणजे तेच काम प्रोसेसरच्या पोटातली चिप करते तो. आमच्या घरात गेम कोणीच खेळत नाही, तरी गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही प्रकारचे लॅपटॉप रोज चालतात. इतके महिने वापरल्यावर वाटतं, हा प्रश्नच चुकीचा आहे.

मी आर्किटेक्ट. साताऱ्यात छोटं ऑफिस आहे. नकाशांसाठी ऑटोकॅड, थ्रीडीसाठी स्केचअप आणि ब्लेंडर ही रोजची सॉफ्टवेअर. माझ्याकडे तेराव्या पिढीचा आय-७ आणि सोबत एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० कार्ड, त्याची स्वतःची ६ जीबी मेमरी. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, धड्यांचे व्हिडिओ करतो. त्याच्याकडे एएमडीचा रायझन ७ ८८४५एचएस, त्याच्या पोटातच रेडिऑन ७८०एम ही ग्राफिक्सची चिप. किमतीत फरक वीस हजारांच्या आसपास पडला.

आधी त्याच्या लॅपटॉपबद्दल, कारण लोक ज्याला सरसकट कमी लेखतात तो हा. इनबिल्ट चिपला स्वतःची मेमरी नसते. ती लॅपटॉपच्या रॅममधूनच घेते, आणि त्याच वेळी प्रोसेसरही तीच रॅम वापरत असतो. त्यामुळे रॅम किती जीबी आहे याच्याइतकंच ती किती वाटांनी (चॅनेलनी) जोडली आहे हेही महत्त्वाचं. डीडीआर५-५६०० या रॅमची एकच स्टिक (पट्टी) असेल तर सेकंदाला ४४.८ जीबी डेटा जाऊ शकतो. दोन असतील तर ८९.६. लॅपटॉप आला तेव्हा त्यात १६ जीबीची एकच स्टिक होती आणि दुसरा स्लॉट रिकामा. दुसरी स्टिक तशीच, त्याच वेगाची, मागवून बसवली. आधी व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइन पुढेमागे ओढली की चित्र अडखळत यायचं, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सह्याद्रीचा थ्रीडी उठाव फिरवला की हात थांबवून वाट बघावी लागायची. दुसऱ्या स्टिकनंतर दोन्ही गोष्टी सरळ झाल्या. चिप तीच, ड्रायव्हर तेच.

इंटेलच्या लॅपटॉपमध्ये तर हे नावातच दिसतं. आयरिस एक्सई ही इंटेलची इनबिल्ट चिप एकाच चॅनेलवर चालली तर विंडोज तिला नुसतं यूएचडी, म्हणजे साध्या चिपचं नाव देतं. म्हणून इनबिल्ट ग्राफिक्सचा लॅपटॉप बघताना स्पेसिफिकेशनमध्ये '१६ जीबी' वाचून पुढे जाऊ नका. १६ गुणिले १ की ८ गुणिले २, ते विचारा. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती बहुधा जास्त वेगाची आणि दोन चॅनेलची असते, पण नंतर वाढवता येत नाही.

आता माझा कार्डवाला. ४०५० च्या मेमरीचा वेग सेकंदाला १९२ जीबी, म्हणजे दोन स्टिकच्याही दुपटीहून अधिक, आणि तो एकट्या ग्राफिक्ससाठी. ब्लेंडरमध्ये खऱ्यासारखं चित्र काढणारा (रेंडर करणारा) सायकल्स हा भाग आहे; त्यात ऑप्टिक्स, म्हणजे हे काम एनव्हिडियाच्या कार्डावर करायची सोय, चालू केली की फरक कळतो. क्लायंट समोर बसलेला असताना भिंतीचा रंग किंवा खिडकीची जागा बदलून लगेच उजेड कसा पडेल ते दाखवता येतं. नवऱ्याच्या लॅपटॉपवर तेच दृश्य प्रोसेसरवर रेंडरला लावलं की उठून चहा करून यावं. लुमिऑनसारखी रेंडरची सॉफ्टवेअर तर वेगळं कार्डच मागतात, तिथे चर्चाच नाही.

पण कार्डाचं नाव बघून भुलू नये. लॅपटॉपमधलं ४०५० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते. नाव एकच, चिप एकच, आणि ३५ वॅटवाला ११५ वॅटवाल्यापेक्षा चांगलाच मागे. जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत हा आकडा क्वचित असतो. कंपनीच्या साइटवर खाली टीजीपी (कार्डाला मिळणारे वॅट) असं लिहिलेलं सापडतं. सापडलं नाही तर मी तो लॅपटॉप यादीतून काढते.

दुसरी अडचण ६ जीबीची. बंगल्याभोवती झाडं, गवत, दगडी कुंपण असं सगळं भरलं की मेमरी संपते आणि रेंडर एररवर थांबतं. टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागांवर चिकटवलेली चित्रं, ४के वरून २के या लहान आकारावर आणली की सुटतं. एकदा वसाहतीचा सगळा परिसर एकाच फाइलमध्ये हवा होता. तो शेवटी नवऱ्याच्या ३२ जीबी रॅमवर, रात्रभर प्रोसेसरवर काढला. संथ, पण पूर्ण. घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू. सात अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलमधले आकडे), प्रत्येक आकडा ४ बिटवर आणून लहान केलेलं मॉडेल ६ जीबीत बसतं, चौदा अब्जांचं बसत नाही.

बॅटरीचं विचारू नका. साधं गणित आहे. ६० वॅट-अवरची बॅटरी आणि १०० वॅट ओढणारं मशीन, म्हणजे अर्धा तास. म्हणून प्लग काढला की लॅपटॉप स्वतःच कार्डाची वीज आवळतो आणि वेग खाली येतो. देखभालीसाठी दिवसभर लाईट बंद असते त्या दिवशी घरचा छोटा इन्व्हर्टर पंखा-दिव्यांसोबत माझा अडॅप्टर पेलत नाही. नवऱ्याचा लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो. साइटवर जाताना मी त्याचाच उचलते, कारण माझा अडॅप्टर विटेएवढा आहे.

माझ्या लॅपटॉपमध्ये कार्डासोबत इनबिल्ट चिपही आहे, साधी कामं ती करते. कार्ड सतत चालू राहत नाही, कामाला लागलं की जागं होतं, ही एनव्हिडियाची ऑप्टिमस सोय २०१० पासूनची. तरी माझ्या लॅपटॉपची बॅटरी सुरुवातीला उगाच उतरायची. कारण एचडीएमआय. अनेक कार्डवाल्या लॅपटॉपमध्ये हे पोर्ट थेट कार्डाला जोडलेलं असतं, त्यामुळे बाहेरचा मॉनिटर लावला की नुसता ईमेल वाचतानाही कार्ड जागं. माझ्याकडे टाइप-सी पोर्ट इनबिल्ट चिपवर जातं. मॉनिटर तिथे लावल्यावर पंखेही शांत झाले. शिवाय विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स म्हणून पान आहे, तिथे कोणतं ॲप कोणत्या चिपवर चालावं हे ठरवता येतं. ब्राउझर आणि मीटिंगचं ॲप मी पॉवर सेव्हिंगवर टाकलंय.

ऑटोकॅडमधल्या प्लॅनला मात्र कार्डाने काहीही फरक पडला नाही. टू-डी काम बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरच्या वेगावर चालतं, आणि मंजुरीच्या नकाशांचं काम म्हणजे टू-डीच. व्हिडिओ निर्यातीतही नवरा मागे पडत नाही. एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये फाइल बनवायची सोय ७८०एम आणि ४०५० दोन्हींत आहे. यूट्यूब, एक्सेल, ऑनलाइन वर्ग यांच्यासाठी कार्ड घेणं म्हणजे निव्वळ वजन वाहणं.

इनबिल्ट म्हणजे कायमचं दुबळं, असंही आता राहिलेलं नाही. २०२५ च्या जानेवारीत एएमडीने आणलेल्या रायझन एआय मॅक्स+ ३९५ या इनबिल्ट ग्राफिक्सच्या प्रोसेसरमध्ये मेमरीचा वेग सेकंदाला २५६ जीबी आहे, माझ्या कार्डापेक्षा जास्त. किंमत मात्र आपल्या आवाक्यातली नाही, आणि ती रॅम सोल्डर केलेलीच.

ऑफिसला आता एक ज्युनिअर येतेय. प्लॅन, सेक्शन, मंजुरीचे नकाशे ती बघणार, रेंडर माझ्याकडेच राहतील. तिच्यासाठी बिनकार्डाचा, दोन स्टिकवाला लॅपटॉप बघून ठेवलाय, आणि वाचलेल्या पैशांत सत्तावीस इंची मॉनिटर.