दुकानाला पाचपैकी चार, स्कीमला दोन

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं हे मोबाईलचं दुकान चांगलं आहे. माल सीलबंद, बिल पक्कं, बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, न मागता घालतात. तिथं जी स्कीम पुढं सरकवतात ती मात्र कागद-पेन घेऊनच ऐकायची.

बाहेर बोर्ड आहे : २,००० भरा, फोन घेऊन जा. आत गेल्यावर कळतं, पुढं २४ महिने दरमहा १,०९९ रुपये, पोस्टपेड प्लॅन त्यातच. "काका, फोन जवळजवळ फुकटच पडतोय बघा," काउंटरवरचं पोरगं म्हणालं.

मी साखर कारखान्याच्या अकौंटला होतो. ऊसबिलात खताची उचल, सोसायटीची वसुली, सगळी कपात वेगवेगळ्या ओळीत दिसते; शेतकऱ्याला भांडायला तरी जागा राहते. इथं फोन आणि प्लॅन एकाच आकड्यात कोंबलेले. मग मीच त्याच्या पॅडवर फोड केली. सगळे मिळून २८,३७६. तोच फोन रोखीनं १५,९९९. राहिले १२,३७७. नुसता प्लॅन घेतला तर महिना ४४९, म्हणजे दोन वर्षांचे १०,७७६. वरचे १,६०१ कशाचे? शिवाय प्रोसेसिंग फी ५००, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण २,१९१ जादा.

"व्याज झिरो आहे काका." अरे, शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलंय!

खरं सांगायचं तर दोन वर्षांच्या उधारीला २,१९१ म्हणजे काही दरोडा नव्हे. खटकलं ते वेगळंच. फोन आमच्या हिला हवा होता. ती दिवसभर घरात, घरात वायफाय, तिचं काम साध्या प्रीपेडवर भागतं. फोनच्या हप्त्यासाठी ४४९ चा प्लॅन दोन वर्षं गळ्यात कशाला? मधेच सोडायचा म्हटला तर राहिलेले हप्ते एकरकमी भरायचे.

आणि पंचविसाव्या महिन्यात? फोन फिटला, मग बिल उतरणार का? पोरानं कंपनीला फोन लावला, "आपोआप कमी होईल" असं उत्तर आलं. कागदावर कुठंच नाही. ब्रिटनमध्ये याच कारणानं लोक फिटलेल्या फोनचे पैसे भरत राहायचे. आता करार संपत आला की कंपनीनं ग्राहकाला कळवायचंच, असा ऑफकॉमचा, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचा, नियम २०२० पासून आहे. अमेरिकेत २००८ साली आयफोन थ्रीजी १९९ डॉलरला मिळायचा तोही दोन वर्षांच्या करारामुळंच, उरलेली किंमत महिन्याच्या बिलातून निघायची. आपल्याकडं तोच फोन ३१,००० ला आला तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला होता. अमेरिकेत टी-मोबाईल या मोबाईल कंपनीनं २०१३ मध्ये फोनचे पैसे आणि सेवेचे पैसे वेगळे दाखवायला सुरुवात केली. एवढंच तर मागणं आहे.

आपल्याला हा प्रकार नवा नाही म्हणा. २००३ ला रिलायन्सनं ५०१ रुपयांत मोबाईल दिला तेव्हा गल्लीगल्लीत हॅण्डसेट दिसायला लागले. पुढं कितीतरी जणांनी बिलंच भरली नाहीत आणि वसुली करता करता कंपनीला घाम फुटला. त्यानंतर आपण सगळे प्रीपेडवाले झालो ते झालोच.

स्कीम कुणाला चालेल? ज्याचं बिल तसंही साडेचारशेच्या घरात येतं आणि हातात एकरकमी सोळा हजार नाहीत, त्यानं खुशाल घ्यावी. फक्त पंचविसाव्या महिन्याचं बिल किती, हे लेखी घ्यावं.

आम्ही रोखीनं घेतला. पोरगं जरा हिरमुसलं, पण स्क्रीनगार्ड फुकट लावून दिलं आणि हिचे जुन्या फोनमधले सगळे फोटो तासभर बसून नव्यात टाकून दिले. एक तारा कापला तो पार्किंगचा. संध्याकाळी गाडी तीन गल्ल्या पलीकडं लावावी लागते.