घडी घालावी की गुंडाळी करावी? कागदाच्या छंदात शिरण्याआधी

क्राफ्टच्या दुकानात कागदाचा छंद दोन पाकिटांत मिळतो. एकात रंगीत चौकोन, दुसऱ्यात तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या. चौकोन ओरिगामीचे, म्हणजे घड्या घालून आकार करण्याचे; पट्ट्या क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळ्या करून आकार करण्याच्या. कानातली, झुमके, पेंडंट दोन्हींतून होतात. म्हणूनच गोंधळ होतो: घ्यायचं काय?

दोन्ही कागदच, तेव्हा दोन्हींना लागणारी चिकाटीही सारखीच असेल असं वाटतं. तसं नाही. ओरिगामीत हात अडतो तो पुढची घडी न उमगल्यामुळे. क्विलिंगमध्ये पुढचं सगळं उमगलेलं असतं, हात अडतो तो फेव्हिकॉल वाळेपर्यंत. कोडी सोडवायला आवडणाऱ्याला पहिली अडचण गोड वाटते. विणकाम-भरतकामात रमणाऱ्याला दुसरी अडचण वाटतच नाही.

ओरिगामीचा खर्च जवळजवळ शून्य. ए-फोर कागदातून ७ सेंमीचे १२ चौकोन निघतात, ५ सेंमीचे २०. कात्री फक्त चौकोन कापण्यापुरती, गोंद नाहीच. ज्यांच्या कानावर ओरिगामी हा शब्द डॉ. अनिल अवचटांमुळे पडला असे मराठी वाचक कमी नाहीत, आणि त्यातल्या अनेकांनी पहिली घडी वर्तमानपत्रावरच घातली असेल. शिकायला मात्र आकृत्या वाचता याव्या लागतात. तुटक रेघ म्हणजे व्हॅली फोल्ड, घडी दरीसारखी आत. रेघ-टिंब-टिंब म्हणजे माउंटन फोल्ड, घडी डोंगरासारखी वर. अकिरा योशिझावा यांनी १९५४ च्या सुमारास रूढ केलेली ही खुणांची पद्धत आज जगभर चालते. त्यामुळे जपानी अक्षर वाचता येत नसलं तरी जपानी पुस्तकातलं मॉडेल करता येतं. दोन-तीन संध्याकाळी या खुणांना द्या, व्हिडिओवर अवलंबून राहू नका. व्हिडिओत हात आडवा येतो आणि नेमकी अवघड घडी त्याच्याआड होते.

क्विलिंगचं सामान थोडं जास्त, पण तेही आवाक्यात: पट्ट्या, पट्टी अडकवून गुंडाळायला टोकाशी चीर असलेली सुई, फेव्हिकॉल, चिमटा, आणि झुमक्यासाठी अर्धगोल साचा. साचा नसेल तर मोठी गोटी किंवा बाटलीचं गोल टोपण चालतं. सुई फिरवता येणं ही दहा मिनिटांची विद्या. पहिल्याच दिवशी थेंब, पान, डोळा हे आकार जमतात आणि भेटकार्डावर फूल उमटतं. क्विलिंगची पहिली पायरी खरोखर सोपी आहे, ओरिगामीची नाही.

आता दागिन्यांकडे वळू. इथे दुकानातलं चित्र फसवतं. पंख पसरलेला क्रेन, म्हणजे जपानी सारस, कानात झुलताना बघून पुष्कळजण ओरिगामी निवडतात. मग १५ सेंमीच्या कागदावर क्रेन जमला की थेट ४ सेंमीच्या चौकोनाला हात घालतात आणि मानेपाशी अडकतात. चौकोन लहान होतो, कागदाची जाडी तेवढीच राहते, हे त्याचं कारण. मानेत आणि शेपटीत थरांवर थर चढतात. मोठ्या क्रेनमध्ये ते पचतात, लहानात मान लाकडाच्या काडीसारखी जाड होते आणि चोच दुमडतच नाही. दुसरी गोष्ट मापाची. कापताना अर्धा मिलिमीटर चुकला तर १५ सेंमीत तो कळतही नाही. ४ सेंमीत मात्र ती सव्वा टक्क्याची चूक असते आणि प्रत्येक घडीबरोबर वाढत जाते.

म्हणून उतरायचं ते पायरीपायरीनं: १५, मग १०, ७, ५ आणि शेवटी ४ सेंमी. प्रत्येक मापात निदान पाच क्रेन करा. कागद ६० ते ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. फोटोकॉपीचा ७५ जीएसएम कागद सरावाला ठीक, कानातल्याला जाड पडतो. शाळेतला घोटीव कागद पातळ असतो आणि चमकतोही, पण घडीच्या धारेवर त्याचा रंग उडून पांढरी रेघ दिसते. पतंगाचा कागद लहान मापाला उत्तम, फक्त नखानं जोर देऊन घडी दाबू नका, फाटतो. रिकाम्या रिफिलची पाठ किंवा चमचा फिरवा.

क्रेनच हवा असा हट्ट नसेल तर सोनोबे घन बघा. एका चौकोनाचा एक घटक, असे सहा घटक एकमेकांच्या खिशात अडकवले की घन तयार. घनाची बाजू कागदाच्या बाजूच्या साधारण ३५ टक्के भरते. म्हणजे ४ सेंमीच्या चौकोनातून १.४ सेंमीचा घन, कानाला नेमका शोभेल असा. जोडीला १२ चौकोन. घडी क्रेनच्या मानानं फारच सोपी आणि थर कुठेही साचत नाहीत. दागिन्यात मात्र शेवटच्या खिशात टाचणीच्या टोकाएवढा गोंद लावा. इथे शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडू द्या, नाहीतर घन बसमध्ये सुटतो.

आता क्विलिंगचा झुमका. बाजारातल्या पट्ट्या १२० जीएसएमच्या आसपास असतात, म्हणजे जाडी सुमारे ०.१५ मिमी. या हिशेबानं २५ मिमी व्यासाची घट्ट चकती करायला सव्वातीन मीटर पट्टी लागते. पट्टी ४३ सेंमीची असेल तर साधारण साडेसात पट्ट्या, ३० मिमीसाठी अकरा. हाताची पकड सैल असेल तर एखादी कमी लागेल, पण मग चकतीच सैल. दोन झुमक्यांसाठी सगळ्या पट्ट्या आधीच मोजून ठेवा आणि मोजूनच लावा, डोळ्यांच्या अंदाजानं एक झुमका हमखास मोठा होतो. पट्टीला पट्टी जोडताना टोक कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. फाडलेल्या कडेचे तंतू गोंदात मिसळतात आणि जोड दिसत नाही.

चकती साच्यावर ठेवून अंगठ्यानं सगळीकडून हळूहळू दाबत घुमट करायचा. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे गुंडाळताना ताण कमी-जास्त राहणं. त्यानं घुमटावर पायऱ्या पडतात आणि त्या नंतर जात नाहीत. दुसरी म्हणजे मधोमध जोर देणं. त्यानं आतले वेढे दुर्बिणीच्या नळीसारखे सरकून बाहेर येतात. तसं झालं तर चकती सपाट करून पुन्हा दाबा, फक्त गोंद लावण्याआधी. घुमट मनासारखा झाला की आतून फेव्हिकॉलचा पातळ हात फिरवायचा आणि रात्रभर सुकू द्यायचं. बाहेरून कधीच नाही, बाहेर लागलेला फेव्हिकॉल वाळल्यावर चकाकतो आणि रंग डागाळतो. शिवाय हे सगळं पंखा बंद करून. मे महिन्यात हा मुद्दा निर्णय फिरवू शकतो.

वजनात दोन्ही सोन्या-पितळेपुढे नगण्य, पण एकमेकांपुढे नाहीत. ७० जीएसएमच्या ४ सेंमी चौकोनाचा क्रेन ०.११ ग्रॅम भरतो. वरच्या २५ मिमी झुमक्यात, पट्टी ३ मिमीची धरली तर, निव्वळ कागदच १.२ ग्रॅमच्या घरात. झुमका त्यामुळे सरळ लोंबतो. क्रेन मात्र वाऱ्यानं आडवा होतो, गिरक्या घेतो आणि केसांत अडकतो. उपाय सोपा: पोटातून हेडपिन, म्हणजे एका टोकाला बोंड असलेली तारेची काडी, ओवा आणि खाली काचेचा एक मणी ठेवा. जंप रिंग, म्हणजे हूक जोडायची तारेची बारीक कडी, उघडताना दोन टोकं एकमेकांपासून लांब ताणू नका, एक पुढे एक मागे अशी पिळा. ताणलेली रिंग पुन्हा गोल मिटत नाही आणि हूक पडतो. ज्यांचे कान खाजतात त्यांना निकेलविरहित हूकच द्या.

कोकण, मुंबई, गोव्याच्या पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी ओढतो. क्विलिंगची घट्ट चकती त्यात तग धरते. ओरिगामीच्या घड्या सैल पडतात, क्रेनचे पंख खाली येतात. म्हणून वॉर्निश हवंच, पण तिथेही सावध. पाण्यावर आधारित वॉर्निशचा पहिला थर जाड दिला तर तोच कागद भिजवून घड्या उघडतो. दोन-तीन अगदी पातळ थर द्या, प्रत्येक पूर्ण सुकल्यावर पुढचा. पारदर्शक नेलपॉलिशनं घड्या उघडत नाहीत, पण लेझर प्रिंटची किंवा मार्करची शाई त्यात विरघळते. इंकजेटची शाई उलट, ती पाण्याच्या वॉर्निशनं पसरते. आधी कागदाच्या तुकड्यावर चाचणी करा. घामाच्या कपाळावर येणारी बिंदी-टिकली दोन्हींतही टिकणार नाही, तो नाद सोडा.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर ओरिगामीच आणा. लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, बिलाच्या पाठीवरही ती चालते. क्विलिंगला टेबल, उजेड आणि दार लावून घेतलेली खोली लागते. चाळिशीचा चष्मा असेल तर ३ मिमीऐवजी ५ मिमीच्या पट्ट्यांनी सुरुवात करा. ४ सेंमीचा क्रेन तर चष्म्यासकटही डोळे दुखवतो.

विकायचा विचार असेल तर क्विलिंगला झुकतं माप द्यावं. त्यातला आकार तुमचा असतो, साडीच्या काठाशी जुळणारे रंग निवडता येतात आणि गिऱ्हाईकाला झुमका ओळखीचा वाटतो. ओरिगामीत क्रेनसारखं पारंपरिक मॉडेल कुणीही विकावं, क्रेनच्या घड्या जपानमध्ये १७९७ सालीच पुस्तकात छापल्या गेल्या होत्या. पण आजच्या रचनाकाराचं मॉडेल घडवून विकायचं तर त्याची परवानगी घ्यावी लागते, आणि हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

दोन्हींत मन लागेना तर तिसरी वाटही आहे, कागदी मण्यांची. जुन्या मासिकाच्या पानातून तळाशी २ सेंमी रुंद आणि २५ ते ३० सेंमी लांब असे निमुळते त्रिकोण कापा, रुंद बाजूकडून विणायच्या सुईवर गुंडाळा, शेवटचे १० सेंमी गोंद लावून बंद करा. टोक मधोमध आलं नाही तर मणी वाकडा होतो, बाकी चुकण्यासारखं त्यात फारसं काही नाही. माळेला पंचवीस-तीस मणी पुरतात.